इन्स्टाचं टीन अकाउंट कसं आहे? आमच्या क्लासच्या मुलांना विचारून लिहितेय

मी इंदूरला सुदामा नगरात आठवी ते दहावीच्या मुलांचे गणिताचे क्लास घेते. फेब्रुवारी 2025 मध्ये इन्स्टाग्रामचं टीन अकाउंट भारतात सुरू झालं तेव्हापासून पालक विचारतात, ताई हे लावून देऊ का, उपयोग होतो का. पालकांची मतं सगळीकडे वाचायला मिळतात पण ज्यांच्यासाठी हे केलंय त्या मुलांना कोणी विचारत नाही, म्हणून क्लास सुटल्यावर मुलांनाच थांबवून विचारलं, आणि एका मुलीच्या आईबरोबर बसून सगळं सेटिंग लावून पण बघितलं.

मिळतं काय तर, वय 18 च्या आत असेल तर अकाउंट आपोआप प्रायव्हेट, ज्यांच्याशी आपण जोडलेले नाही ते मेसेज करू शकत नाहीत, टॅगही ज्यांना आपण फॉलो करतो तेच करू शकतात, तास झाला की आता बंद करा अशी आठवण येते आणि रात्री 10 ते सकाळी 7 नोटिफिकेशन बंद. 16 च्या आतल्या मुलांना यातलं काही सैल करायचं तर आईबाबांची परवानगी लागते.

मुलींना एकच गोष्ट खूप आवडली, अनोळखी माणसांचे मेसेज बंद होणं. दहावीतली एक म्हणाली, ताई, आधी रोज उठून पहिलं काम तेच, कोण कोण हाय डियर म्हणून आलंय ते उडवायचं, आता ती कटकटच नाही. बाकीच्या सगळ्या माना हलवत होत्या, म्हणजे हे सगळ्यांच्याच बाबतीत होत होतं आणि घरी कोणाला माहीतच नव्हतं.

मुलांचं मत जरा वेगळं. एकाने अनंत चतुर्दशीला झांक्यांची, म्हणजे मिरवणुकीतल्या चित्ररथांची, मस्त रील काढली होती, रात्रभर जागून, तो म्हणतो प्रायव्हेट केलं तर बघणार कोण. त्याचं म्हणणं मला पटतं, मेहनत केली की लोकांनी बघावी असं वाटणारच. पण त्याच रीलनंतर घरबसल्या कमाईचे मेसेज पण आले होते, लिंक दाबा, पैसे दुप्पट. तर तो आता रीलसाठी वेगळं अकाउंट हवं आणि ते घरच्यांना माहीत असावं म्हणतोय, मला हा विचार चांगला वाटला. रात्रीच्या 10 च्या नियमावर मात्र सगळे म्हणाले की नोटिफिकेशन बंद झालं तरी ॲप तर उघडतंच ना. खरंय ते. पालकांना सुपरव्हिजनमधून, म्हणजे मुलांच्या अकाउंटवर लक्ष ठेवायच्या सोयीतून, रात्रीचं ॲप बंद करता येतं, पण ते वेगळं लावावं लागतं.

या सुपरव्हिजनबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण माझ्या मते सगळ्यात चांगली गोष्ट हीच आहे. यात आईला गेल्या 7 दिवसांत मुलीने कोणाकोणाला मेसेज केले ती नावं दिसतात, मेसेज वाचता येत नाहीत. आम्ही लावलं तेव्हा आई एकेक नाव वाचत होती आणि मुलगी शेजारी बसून सांगत होती, ही शाळेतली, हा दादाचा मित्र, हे मेंदीवाल्या ताईंचं पेज. आईने विचारलं, पण बोलले काय ते कुठे दिसतं? दिसत नाही म्हटल्यावर मुलीचा चेहरा एकदम मोकळा झाला. नंतर क्लासमध्ये पण सगळ्यांचं हेच, कोणाशी बोलतो ते बघा, काय बोलतो ते वाचू नका. इतकी सरळ मागणी आहे त्यांची.

आता ॲपला जे जमत नाही ते. आमच्याकडे येऊन गेलेल्या एका मुलीचा फोटो उचलून कोणीतरी घाणेरडा एडिट केला आणि पैसे दे नाहीतर पसरवतो म्हणून धमकावत होता. ती कितीतरी दिवस घरी बोलली नाही. का, तर फोन जाईल म्हणून. मी हे नाव न घेता मुलांना सांगितलं आणि विचारलं तुम्ही सांगाल का, तर बहुतेकांचं उत्तर एकच, फोन काढून घेणार नाही असं आईबाबांनी आधी कबूल केलं तर सांगू. पालकांनो, ही अट मान्य करा हो, अगदी मनापासून सांगतेय. अशा वेळी पैसे द्यायचे नाहीत, स्क्रीनशॉट ठेवायचे, 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा किंवा सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकायची, मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन पण आहे. आणि 18 च्या आतल्यांच्या अशा फोटोंसाठी टेक इट डाउन नावाची फुकट सेवा आहे, त्यात फोटो पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याची एक डिजिटल खूण तयार होते आणि फक्त ती जाते, मग इन्स्टासारखी जी ॲप्स त्यात सामील आहेत ती तिच्यावरून तो फोटो शोधून काढतात. व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये हे चालत नाही, ते माहीत असू द्या.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. दीड कापला तो जन्मतारखेमुळे, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे आणि आमच्या क्लासमध्ये कितीतरी जणांनी पाचवी-सहावीत अकाउंट उघडताना दुसरंच साल टाकलेलं, म्हणजे इन्स्टाच्या हिशोबाने ते आज नोकरी करणारे लोक. त्यांना टीन अकाउंट लागूच होत नाही. प्रोफाइलमधून अकाउंट्स सेंटर, तिथे पर्सनल डिटेल्स, त्यात जन्मतारीख दिसते. ओरडू नका, मुलांबरोबर बसून आधी तेवढं बघा, बाकी सेटिंग नंतर.