झुलिप: टीमचं चॅट म्हणून सात-आठ महिने वापरल्यावर

आमची पुण्यातली पंधरा-वीस जणांची टीम. आधीच्या चॅटच्या फुकट प्लॅनमध्ये जुने मेसेज दिसेनासे व्हायचे, म्हणून दिवाळीनंतर आम्ही झुलिप स्वतःच्या सर्व्हरवर बसवलं. 2015 पासून ते ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, आणि छोट्या टीमला 2 जीबी रॅमचं मशीन पुरतं. मात्र कंपनीत 10 पेक्षा जास्त जण असतील तर मोबाइल नोटिफिकेशनसाठी पैसे मोजावे लागतात, हे आधीच धरून चला.

यात चॅनेलमधला प्रत्येक मेसेज एखाद्या टॉपिकखाली जातो. सुरुवातीला सगळ्यांची कुरकुर होती, दोन ओळी विचारायच्या तर त्यालाही मथळा कशाला? माझ्या मते खरा फायदा तिथेच आहे.

मार्चमध्ये एका सर्व्हरवर 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' (जागा उरली नाही) असा एरर यायला लागला, आणि डिस्क तर अर्धी रिकामी! आमच्या सीनियरने आयनोड (डिस्कवर प्रत्येक फाइलमागे एक लागणारी नोंद) बघायला सांगितले, ते संपले होते. जुन्या सेशन फाइल्स साफ करणारा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) बंद पडला होता आणि लाखो बारक्या फाइल्स साचल्या होत्या. ही सगळी शोधाशोध एकाच टॉपिकमध्ये झाली, चुकलेल्या अंदाजांसकट. जूनमध्ये रात्रपाळीला असलेल्या नव्या मुलीला दुसऱ्याच सर्व्हरवर तोच एरर आला. तिने तो सर्चमध्ये टाकला, टॉपिक वाचला आणि कुणालाही न उठवता काम उरकलं. टीमच्या विकीवर (माहितीच्या पानांवर) कुणी लिहिलंच असतं तर नुसतं उत्तर लिहिलं असतं. 'आधी लॉग उडवून पाहिले, तासाभराने पुन्हा तेच' हे कोण लिहितं? नवख्याला नेमकं तेच हवं असतं.

सर्चची अडचण आपल्या लिहिण्यात आहे. कुणी 'सर्व्हर बसला' लिहितं, कुणी 'डाउन आहे', कुणी तेच रोमन लिपीत. म्हणून एरर जसाच्या तसा पेस्ट करायचा, स्क्रीनशॉट चालणार नाही, असं ठरवलं. प्रश्न सुटला की टॉपिक 'रिझॉल्व्ह' करतो, नावापुढे बरोबरची खूण येते.

चहाच्या टपरीवर सुटलेले प्रश्न मात्र अजूनही तिथेच राहायचे. आता ज्याने विचारलं त्यानेच परत आल्यावर चार ओळी टाकायच्या, असं चालू केलंय. सांगणाऱ्यावर लिहायचं ओझं नसल्यामुळे सीनियर मंडळीही मोकळेपणाने सांगतात.