सोप स्टिक: दमलेल्या गॅसविहिरीला कधी उठवते, कधी नाही

गॅसविहिरीचा दाब उतरणीला लागला की गॅस संपायच्या आधी त्याचा वेग संपतो. पाण्याचे थेंब वर आणण्याइतका वेग उरला नाही की ते मागे पडतात, तळाशी पाणी साचतं आणि विहीर बसते. ३०० मीटर पाणी साचलं म्हणजे तळावर दर चौरस सेंटिमीटरला ३० किलोचा भार (पुढेही दाबाचे 'किलो' याच मापात). थराचाच दाब ५०-६० किलोवर आला असेल, तर निम्मी ताकद पाणी पेलण्यातच जाते.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे साबणाची कांडी, सोप स्टिक. नेहमीची कांडी सव्वा इंच जाड आणि पंधरा इंच लांब असते. ती तळाच्या पाण्यात विरघळते, गॅस त्या पाण्याला घुसळतो आणि फेस होतो. फेस हलका, म्हणून कमी वेगातही वर येतो.

कांडी घेण्याआधी पाणी वर आणायला दिवसाला किमान किती गॅस वाहायला हवा, तो आकडा काढा. टर्नर यांच्या १९६९ च्या सूत्राने वेलहेडला, म्हणजे विहिरीच्या तोंडाशी, ७ किलो दाब असताना २ ३/८ इंची ट्युबिंगला (गॅस वर आणणाऱ्या नळीला) दिवसाला सुमारे ९,००० घनमीटर गॅस लागतो, २ ७/८ इंचीला साडेतेरा हजार. कोलमन यांनी १९९१ मध्ये कमी दाबाच्या विहिरींसाठी टर्नरची २० टक्के वाढ काढून टाकली. तो हिशेब धरला तर ९,००० चे साडेसात हजार होतात. विहीर या आकड्याच्या थोडी खाली असेल तर कांडी पैसे वसूल करून देते. फारच खाली असेल तर घुसळायलाच गॅस नसतो, आणि कितीही कांड्या टाका, त्या तळाशी पडून राहतात.

दुसरी अट कंडेन्सेटची, म्हणजे गॅससोबत येणाऱ्या हलक्या तेलाची. द्रवात ते निम्म्याच्या पुढे गेलं की साधा साबण हरतो. काचेच्या बरणीत त्याच विहिरीचं पाणी आणि कंडेन्सेट त्याच प्रमाणात घ्या, कांडीचा तुकडा विरघळवून जोरात हलवा. हात थांबताच फेस बसला तर खरेदी थांबवा. ही चाचणी तुमच्या पाण्यावर करून न देणाऱ्या विक्रेत्याकडून माल घेऊ नये. विहिरीत गंजरोधक रसायन जात असेल तर तेही बरणीत घाला.

टाकताना स्वॅब व्हॉल्व्ह (विहिरीच्या माथ्यावरचा) बंद करून लुब्रिकेटरमधला (त्याच्यावर बसवलेल्या नळीतला) दाब पूर्ण सोडा, कांडी घाला, टोपी आवळा, विंग (गॅसलाइनकडे जाणारा बाजूचा व्हॉल्व्ह) बंद करा आणि मग स्वॅब उघडा. व्हॉल्व्हच्या चाकाचे फेरे मोजा. अर्धवट उघड्या व्हॉल्व्हवर कांडी आडवी अडकते. आधी तारेवर गेज कटर (नळी मोकळी आहे का ते पाहणारं अवजार) फिरवलेला हवा, नाहीतर क्षार किंवा मेण साचलेल्या जागी ती थांबते आणि तळाला काहीच पोहोचत नाही. किती टाकायच्या? २ ३/८ इंची ट्युबिंगमध्ये मीटरला दोन लिटर पाणी मावतं, म्हणजे ३०० मीटरला ६०० लिटर. त्यावर विक्रेत्याचा तक्ता लावा. अंदाजाने दुप्पट टाकली की फेस सेपरेटरमध्ये (गॅस आणि पाणी वेगळं करणाऱ्या टाकीत) शिरतो, फ्लोट खोटी पातळी दाखवतो आणि पाणी थेट गॅसलाइनमध्ये जातं. फेस मोडणारं रसायन सेपरेटरच्या आधी तयार ठेवा. कांड्या सावलीत आणि कोरड्या जागी ठेवा. उन्हात त्या मऊ पडून एकमेकींना चिकटतात.

कांडीला पाण्याच्या विहिरीसाठी पाचपैकी चार गुण, कंडेन्सेटच्या विहिरीसाठी दीड. रोज कांडी लागू लागली की प्लंजरचा (गॅसच्या दाबाने नळीत वर-खाली होऊन पाणी उचलणाऱ्या दट्ट्याचा) हिशेब करा: हजार मीटर खोलीवरून एक घनमीटर पाणी उचलायला साधारण २३० घनमीटर गॅस. तेवढा गॅस असेल तर कांड्यांचा खर्च थांबवा.