साडेसहाशेची बॅटरी आणि झेल्यावाचा बोगदा

बॅटरी म्हणजे हातातला टॉर्च, घेतला बेळगावात खडेबाजारला आणि टेस्टिंग झालं क्रोएशियात, त्यामुळं जरा लांबण लागणार, आधीच सांगतो.

मावसभाऊ झाग्रेबला कामाला हाय, त्यानं झेल्यावाच्या जुन्या लष्करी विमानतळावर नेतो म्हटलेलं. माझं लहानपण बेळगावजवळ सांबऱ्यात गेलं, तिथं पण विमानतळ हाय, ब्रिटिशांनी १९४२ ला युद्धात बांधलेला, पण एअरफोर्सचं ट्रेनिंग चालतंय तिथं, कंपाउंडच्या आत कोण सोडतंय आपल्याला! आणि झेल्यावा म्हणजे डोंगराच्या पोटात अख्खा विमानतळ, युगोस्लाव्हियानं १९४८ ते १९६८ असा वीस वर्षं खणून केलेला, आत मिग-२१ ठेवायचे. आता देशच राहिला नाही, सीमा आली तिथं, आणि धावपट्टी क्रोएशियातनं सरळ बोस्नियात जाते. आम्ही सीमाभागातली माणसं, पण असलं मी पण बघितलं नव्हतं.

बोगद्याचं तोंड विमानाच्याच आकाराचं, पंखांना रुंद, शेपटीला उंच. बाहेर उन्हात बॅटरी एकदम भारी वाटली, आत शिरलो आणि कळलं. १९९२ ला युगोस्लाव्ह सैन्यानं जाताना ५६ टन स्फोटकं लावून सगळं उडवलंय, खाली काँक्रीटचे तुकडे, वर आलेल्या सळ्या, म्हणजे उजेड पायाशी पसरायला पाहिजे, आणि ह्या बॅटरीचं झूमचं डोकं इतकं ढिलं की खाली वाकवली की आपोआप पुढं सरकतंय आणि थाळीएवढा एकच गोल पडतोय. एक सळी पँटला लागलीच. बॉक्सवर आठ तास लिहिलंय, दोन तासाच्या आत लुकलुकायला लागली, साडेतीन किलोमीटरचे बोगदे आणि आम्ही मोबाईलच्या उजेडात परत. बाहेर आल्यावर पण डांबर सोडून गवतात पाय टाकायचा नाही, सुरुंग अजून हायत, भावानं दहा वेळा बजावलं.

आल्यावर दुकानात गेलो. "कुठं वापरलासा?" म्हणाला. सांगितलं. तर म्हणतो, "आमची वॉरंटी शहापूर-वडगावपर्यंतच की ओ!" बदलून काय दिली नाही.

आता काकांकडं हाय, रात्री मोटर चालू करायला मळ्यात नेतात, तेवढ्याला चालते. पाचात दोन स्टार. जाणार असाल तर डोक्याला बांधायचा लाईट घ्या, हात मोकळे राहतात, आणि सेल जादाचे ठेवा.