मान-डोकं-मणक्याचं स्नायूंचं मॉडेल: नऊ महिने वापरून झाल्यावर

संक्रांतीच्या आठवड्यात घेतलं होतं, आता दसरा होऊन गेला, म्हणजे नऊ महिने रोजच्या वापरात आहे, म्हणून आता लिहिते. मी कोथरूडला योगाचे वर्ग घेते. सकाळच्या बॅचला जास्त करून रिटायर झालेले काका-काकू, संध्याकाळी हिंजवडीहून ट्रॅफिकमधून दमून आलेली मुलंमुली, आणि वय काही का असेना तक्रार एकच, मान. कुणाची अवघडलेली, कुणाची एका बाजूला वळतच नाही, कुणाचं डोकं मागून दुखतं. बारा वर्षं मी हे सगळं हातवारे करून आणि भिंतीवरच्या चार्टवरून समजावत आले. पण चार्टवर सगळं चपटं दिसतं आणि मानेत तर सगळं खोलीत आहे, एका थराखाली दुसरा, त्याखाली तिसरा, प्रत्येकाची दिशा वेगळी. म्हणून मॉडेल घ्यायचं ठरवलं.

दोन वस्तू घेतल्या. एक म्हणजे खऱ्या मापाचं डोकं आणि मान, स्नायूंसकट, त्याचे पाच भाग सुटे होतात. दुसरा लवचीक मणका, कवटीच्या तळापासून माकडहाडापर्यंत, खाली कंबरेचं हाड जोडलेलं. त्यावर स्नायू नाहीत पण स्नायू जिथून सुरू होतो ती जागा लाल आणि जिथे जाऊन चिकटतो ती निळी रंगवलेली आहे. दोन्ही मिळून १६ हजारांच्या आसपास गेले. खोक्यावर ब्रँड काही नव्हता, नुसता एक नंबर. उघडल्यावर प्लॅस्टिकचा वास इतका की चार दिवस गॅलरीत ठेवावं लागलं, नंतर गेला.

सगळ्यात आधी उपयोग झाला तो एससीएमचा, म्हणजे स्टर्नोक्लाइडोमॅस्टॉइड, मान वळवली की पुढे दोरीसारखा उठून दिसतो तो. कानामागच्या हाडाच्या उंचवट्यापासून तिरका खाली येतो आणि खाली त्याला दोन फाटे, एक छातीच्या मधल्या हाडावर, दुसरा हासळीवर. उजवीकडचा आखडला तर डोकं उजवीकडे कलतं पण चेहरा मात्र डावीकडे वळतो. हे मी वर्षानुवर्षं सांगत होते आणि लोक मान डोलवायचे पण पटलेलं नसायचं. मॉडेलवरून तो स्नायू काढून हातात धरला, पुन्हा जागेवर लावला आणि विचारलं, आता हे वरचं टोक खालच्या टोकाकडे ओढलं तर काय होईल? एका काकूंनी स्वतःच सांगितलं, अहो ताई कान पुढे आणि खाली येणार, म्हणजे तोंड पलीकडेच जाणार ना. आणि मग सगळ्यांनी उजव्या बाजूला बोटं ठेवून तोंड डावीकडे वळवून पाहिलं, बोटाखाली ती दोरी आली. एवढ्या एका क्षणासाठीसुद्धा पैसे वसूल झाले असं मला वाटलं.

पण खरी किंमत मागच्या बाजूला आहे. सगळ्यात वरचा ट्रॅपेझियस, म्हणजे मान-खांद्यांवर पसरलेला मोठा स्नायू, काढला की स्प्लीनियस दिसतो, तो मणक्याच्या मधल्या रेषेतून निघून वर आणि बाहेर कानामागे जातो, दोन्ही बाजूंचे मिळून इंग्रजी व्ही अक्षर होतं. तो काढला की सेमिस्पायनॅलिस, हा जवळजवळ सरळ उभा, मानेच्या मागच्या खळगीच्या दोन्ही बाजूंना जे दोन उंच पट्टे हाताला लागतात ते बरेचसे याचेच. आणि तोही काढला की कवटीच्या अगदी बुडाशी ते बोटाच्या पेराएवढे छोटे स्नायू, सबऑक्सिपिटल. पहिल्यांदा ते उघडं झालेलं पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले. हे स्नायू डोकं उचलायला फारसे कामाचे नाहीत, ताकद वरच्या मोठ्यांची, पण यांच्यात ताण ओळखणारी संवेदकं खूप दाट असतात त्यामुळे डोकं नेमकं कुठे आहे हे मेंदूला कळवण्यात यांचा वाटा मोठा.

हे वर्गात कसं दाखवायचं तर असं. डोळे मिटून बसायचं, दोन्ही हातांचे अंगठे कवटीच्या कडेखाली खळगीच्या दोन्ही बाजूंना हलके रुतवायचे, आणि डोकं अजिबात न हलवता मिटलेल्या पापण्यांमागे डोळे डावीकडे उजवीकडे फिरवायचे. अंगठ्याखाली बारीक हालचाल लागते. आमच्या बॅचमधले एक काका, बँकेतून रिटायर झालेले, त्यांनी तीनदा करून पाहिलं आणि म्हणाले, मॅडम मी आयुष्यभर कागद वाचले, म्हणजे हे बिचारे तेव्हापासून काम करतायत होय. त्यानंतर ते वाचताना दर अर्ध्या तासाने खिडकीबाहेर लांब बघतात, मला आवर्जून येऊन सांगतात.

आता दोष. गंभीर आहेत म्हणून सविस्तर लिहिते, घेणाऱ्याने बघून घ्यावं.

एक, हे सबऑक्सिपिटल प्रत्येक बाजूला चार असतात, मॉडेलवर तीनच केलेत. जो गाळलाय तो सगळ्यात छोटा, रेक्टस कॅपिटिस पोस्टिरियर मायनर, पहिल्या मणक्यापासून कवटीपर्यंत जाणारा. आणि त्याच्यापासून संयोजी ऊतीचा एक पूल आत मज्जारज्जूच्या आवरणापर्यंत जातो, म्हणजे सांगण्यासारखा आहे तो. मी लाल मातीच्या क्लेची बारीक वळी करून तिथे चिकटवलीय, चालतंय, पण एवढे पैसे घेऊन चौथा गाळायला नको होता.

दोन, सोबतच्या कार्डावर स्प्लीनियस आणि सेमिस्पायनॅलिसचे नंबर अदलाबदल झालेत. मला दीड महिना कळलंच नाही, मी तसंच शिकवत होते, याचं मला फार वाईट वाटलं. माझी भाची फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ती एका रविवारी जेवायला आली आणि मॉडेल हातात घेऊन म्हणाली, आत्या हे तंतू बघ ना, बाहेर जातायत की सरळ? सरळ जाणाऱ्याला तू स्प्लीनियस म्हणतेयस. दुसऱ्या दिवशी दोन्ही बॅचला सांगून दुरुस्त केलं. तेव्हापासून मी कार्डावर विश्वास ठेवत नाही, तंतूंची दिशा बघते. विकणाऱ्याला दोनदा मेल केली, उत्तर नाही.

तीन, चघळण्याचा मॅसेटर पक्का चिकटवलेला आहे, निघत नाही. त्यामुळे आतले टेरिगॉइड, तेही चघळण्याचेच स्नायू, दिसतच नाहीत आणि रात्री दात आवळून झोपणाऱ्यांना समजावताना अडचण होते. बाहेरून मॅसेटर आणि कानशिलावरचा टेम्पोरॅलिस दोन्ही छान आहेत, दात आवळले की दोन्हीकडे बोटाला फुगवटा लागतो एवढं तरी दाखवता येतं.

चार, एससीएमची खालची खुंटी तिसऱ्या महिन्यात तुटली. फेविक्विकने जोडली, आता तो भाग काढताना जपून काढावा लागतो.

पाच, मॉडेल खांद्यापाशी कापलेलं आहे. म्हणजे लेव्हेटर स्कॅप्युली या स्नायूचं खालचं टोक हवेतच राहतं. आणि हा तर आमच्या संध्याकाळच्या बॅचचा सगळ्यात दुखरा स्नायू! मानेच्या वरच्या चार मणक्यांच्या बाजूच्या टोकांपासून निघून तो खांद्याच्या पात्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्यावर येतो. एक मुलगी होती, दोन वर्षं पाठ दुखते म्हणत होती, बोट ठेवायची ते नेमकं त्या कोपऱ्यावर. मी मॉडेल तिच्यासमोर ठेवलं, घरातलं रुंद इलॅस्टिक घेतलं, एक टोक तिच्या मानेच्या बाजूला वर धरलं, दुसरं पात्याच्या कोपऱ्यावर, आणि तिला मोबाईल बघायला सांगितलं. मान पुढे खाली गेली तसं इलॅस्टिक ताणलं गेलं, ते तिला कातडीवर जाणवलं. म्हणाली, म्हणजे दुखतंय पाठीत पण गोष्ट मानेची आहे. हो, तेच. तिने लॅपटॉप पुस्तकांवर चढवून डोळ्यांच्या रेषेत आणला, बॅग एकाच खांद्यावर घेणं सोडलं, हनुवटी मागे घ्यायचा व्यायाम रोज करते आणि आता बराच फरक आहे.

मणक्याच्या मॉडेलबद्दल. लाल-निळे रंग अजून टिकून आहेत, फक्त जिथे मी सारखी बोटं ठेवते तिथे कंबरेकडचा लाल पुसट झालाय. मोठी चूक म्हणजे सगळे मणके एकाच नळीत ओवलेले असल्यामुळे मान वळवली की सातही मणके सारखेच वळतात. प्रत्यक्षात मान जेवढी वळते त्यातला जवळपास अर्धा भाग एकट्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यामध्ये होतो. हे मी दरवेळी तोंडी सांगते, पण नवीन माणूस नुसतं मॉडेल बघून चुकीचं शिकेल.

याचा उत्तम उपयोग झाला तो पावसाळ्यात. आमच्या बॅचमधले दोघं ढोल पथकात आहेत, सराव सुरू झाला की दोन आठवड्यांत कंबर धरून येतात, एकाला तर उसण भरली होती. ढोल कंबरेला बांधलेला, सगळं वजन पुढे, मग तोल राखायला पाठीमागचे इरेक्टर स्पायनी स्नायू सतत ओढून धरतात. मणक्याला लागून बाहेरून आत तीन पट्टे आहेत त्यांचे, इलिओकॉस्टॅलिस, लाँजिसिमस आणि स्पायनॅलिस, आणि त्यांच्या खाली मल्टिफिडस, जो कंबरेतच सगळ्यात जाड असतो. मी मणक्याच्या कंबरेच्या हाडाला पुढून पाण्याची भरलेली बाटली बांधली, मागून ओढणी धरली आणि त्या मुलाच्या हातात दिली, म्हटलं आता सरळ उभा ठेव. दोन मिनिटांत त्याचे हात भरून आले. मग पट्टा कसा बांधायचा, वाजवताना मागे किती झुकायचं, मध्ये कधी उतरवून ठेवायचा यावर त्यानेच प्रश्न विचारले.

आषाढी वारीच्या पालख्या आल्या तेव्हा मी बघायला गेले होते. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका, वजन डोक्याच्या बरोबर वर, मान खांद्यांच्या रेषेत, पावलं टाकतात पण डोकं हलत नाही. मी घरी येऊन मॉडेल समोर ठेवून विचार करत बसले. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं आणि त्याचा भार मानेच्या पहिल्या सांध्याच्या थोडा पुढे पडतो, त्यामुळे बसल्याजागी सुद्धा मागचे स्नायू हलकं काम करतच असतात, स्वारगेटच्या बसमध्ये डुलकी लागली की हनुवटी छातीवर पडते ती म्हणूनच. पुढे खोलात मणक्याला चिकटलेला लाँगस कोलाय आहे, तो मान सरळ राखतो, आणि माझ्या मॉडेलवर तो आहे, नीट केलेला आहे, याबद्दल बनवणाऱ्यांचे आभार.

अजून एक सांगते. मानेच्या बाजूला स्केलीन नावाचे स्नायू असतात, त्यातल्या पुढच्या आणि मधल्या स्नायूंमधून हाताकडे जाणाऱ्या नसा बाहेर पडतात, मॉडेलवर त्या पिवळ्या दाखवल्यात. बॅचमधल्या एकाला हाताला मुंग्या येत होत्या, त्याने ते बघून मला ताण देणारा व्यायाम विचारला. मी दिला नाही, डॉक्टरकडे पाठवलं. मुंग्या, बधिरपणा, हातातली ताकद कमी होणं असं काही असेल तर मॉडेल बघून स्वतः उपचार करू नका, मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही.

घ्यावं का? योग, मसाज, फिजिओ शिकणाऱ्यांनी घ्यावं, पण दुकानात जाऊन हातात धरून मागचे थर सुटे करून बघा, सबऑक्सिपिटल चार आहेत का मोजा, मॅसेटर निघतो का बघा, खुंट्या किती जाड आहेत ते बघा. मागचे थर निघत नसतील तर स्वस्त असलं तरी घेऊ नका, तेवढ्या पैशात मोठा चार्ट येतो. नुसतं शोकेसमध्ये ठेवायला असेल तर मणका एकटा पुरे. माझं डोक्याचं मॉडेल सध्या भाचीकडे गेलंय परीक्षेपुरतं, आणि सकाळच्या बॅचचे काका रोज विचारतायत की ते कधी परत येणार.