जळगावच्या मे महिन्यात इंडक्शन शेगडी : दोन उन्हाळ्यांनंतरचा अभिप्राय

मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर गेला की दुपारी गॅससमोर उभे राहणे नकोसे होते. त्यासाठीच दोन दिवाळ्यांपूर्वी आम्ही २००० वॅटची, एका भांड्याची इंडक्शन शेगडी २,४०० रुपयांना घेतली. पहिल्या उन्हाळ्यात तिच्याबद्दल एकही तक्रार नव्हती. या मे महिन्यात मात्र वरणाचा कुकर लावून दहा-बारा मिनिटे झाली की ती पिप-पिप वाजून बंद पडू लागली. पडद्यावर एक सांकेतिक आकडा यायचा आणि मागच्या झरोक्यापाशी हात नेला तर चटका बसेल इतकी गरम हवा लागायची. पुस्तिकेत त्या आकड्यासमोर ‘आतील भाग अतितप्त’ एवढेच लिहिले होते. हे आकडे प्रत्येक कंपनीचे वेगवेगळे असतात. शेजारच्या वहिनींच्या शेगडीवर तोच आकडा विजेचा दाब कमी झाल्याची खूण आहे, म्हणून दुसऱ्याच्या अनुभवावर न जाता आपल्या शेगडीची पुस्तिका पाहावी.

विक्रीपश्चात सेवेबद्दल आधीच लिहिते, कारण तिथे माझी निराशा झाली. वॉरंटी एकाच वर्षाची होती आणि ती संपलेली होती. नोंदवलेल्या तक्रारीनंतर चौथ्या दिवशी सेवा केंद्राचा माणूस आला, त्याने शेगडी सुरू केली, आकडा पाहिला आणि शेगडीच्या आतला सर्किट बोर्ड गेला आहे, नवा १,६५० रुपयांना पडेल, असे सांगितले. त्याने शेगडी उलटी करून खालची जाळीसुद्धा पाहिली नाही. भेटीचे ३०० रुपये मात्र घेतले. मूळ किमतीच्या दोनतृतीयांश रक्कम तपासणीविना सांगितली जाते, हे मला मान्य नव्हते, म्हणून बोर्ड बदलण्यास मी नकार दिला.

शेगडी तापते म्हणजे नेमके काय तापते, हे समजून घेतल्यावर शोध सोपा झाला. इंडक्शनची काच स्वतः तापत नाही. काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यातून सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो, त्याच्या चुंबकीय क्षेत्राने भांड्याचा बूड तापतो आणि भांड्याच्या उष्णतेने काच गरम होते. हा प्रवाह चालू-बंद करणारा जो सुटा भाग असतो, त्याला आयजीबीटी म्हणतात. तो ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या ठोकळ्यावर बसवलेला असतो, आणि छोटा पंखा खालून हवा ओढून त्या पात्यांमधून मागे सोडतो. तापमान मोजणारे संवेदक दोन असतात. एक काचेच्या मध्याखाली, भांड्याचे तापमान पाहणारा. दुसरा आयजीबीटीजवळ, यंत्राचे तापमान पाहणारा. दोघांपैकी कोण तक्रार करतो आहे, हे आधी ठरवावे लागते.

ते ठरवण्यासाठी घरच्या घरी करण्याजोगी एक परीक्षा मला फार उपयोगी पडली. सपाट बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात तीन लिटर पाणी घेऊन मी शेगडी पूर्ण क्षमतेवर सुरू केली. उकळी आल्यावर पाणी आहे तोवर बुडाचे तापमान शंभर अंशांच्या फार पुढे जात नाही, त्यामुळे काचेखालच्या संवेदकाला तक्रारीचे कारणच उरत नाही. तरीही तेराव्या मिनिटाला शेगडी बंद पडली. म्हणजे दोष भांड्याचा नव्हता, तो यंत्राच्या थंड होण्यात होता. पाणी उकळताना शेगडी सुरळीत चालली असती आणि फक्त फोडणीच्या किंवा भाजण्याच्या वेळी बंद पडली असती, तर मी आधी भांडे तपासले असते. बुडाला लोहचुंबक घट्ट चिकटतो का, आणि पट्टी आडवी धरल्यावर बूड मध्ये फुगलेला किंवा आत गेलेला दिसतो का, या दोन गोष्टी त्यासाठी पाहाव्यात.

त्यानंतर मी ओट्याकडे पाहिले. शेगडी कोपऱ्यात होती, मागची भिंत चार बोटांवर, बाजूला मिक्सर, आणि ओटा खराब होऊ नये म्हणून खाली फुलाफुलांचे रेक्झिन. शेगडीचे पाय जेमतेम अर्ध्या बोटाचे आहेत. ओट्याच्या पातळीला डोळे नेऊन सुरू झालेल्या शेगडीखाली पाहिले, तेव्हा पंखा फिरताच रेक्झिन हलकेच वर उचलले गेले आणि जाळीला चिकटले. बंद केल्यावर पुन्हा खाली बसले. पंखा हवेऐवजी रेक्झिन ओढत होता! जी थोडी गरम हवा मागून बाहेर पडत होती, ती भिंतीवर आपटून पुन्हा पोटाखाली येत होती. मे महिन्यात स्वयंपाकघरातली हवा आधीच चाळिशीच्या आसपास असताना यंत्र आणखी कशाने थंड होणार?

रेक्झिन काढून, शेगडी भिंतीपासून वीतभर पुढे घेऊन पुन्हा तेच पाणी ठेवले, तर ती बावीस मिनिटे चालली. फरक पडला, पण पूर्ण गुण आला नाही. पंख्याचा आवाजही घरघर केल्यासारखा होता. म्हणून दुसऱ्या दिवशी गोलाणी मार्केटमधल्या एका लहानशा दुरुस्तीच्या दुकानात शेगडी नेली. तिथल्या भाऊंनी प्लग न लावता आधी ती कानाजवळ हलवली, जाळीतून आत टॉर्च मारला आणि म्हणाले, “ताई, मशीन खराब नही शे, तिले हवा भेटस नही.”

त्यांनी आतल्या कपॅसिटरमधला भार उतरेपर्यंत थांबून मगच हात घातला. प्लग काढल्यावरही काही वेळ आत धक्का बसेल इतकी वीज साठलेली असू शकते, म्हणून घरी झाकण उघडण्याचा प्रयत्न कोणी करू नये, असे त्यांनी बजावले. झाकण उघडल्यावर जे दिसले ते मी विसरणार नाही. पंख्याच्या प्रत्येक पात्याच्या कडेवर तपकिरी, मऊ लोकरीसारखा थर होता आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांमधल्या फटी जवळजवळ बुजल्या होत्या. बोटांत चोळल्यावर तो थर चिकट लागला आणि त्याला ओळखीचा वास होता : कळण्याच्या पिठाचा आणि तेलाचा. रोज शेगडीशेजारी परातीत ज्वारी-उडदाचे पीठ मळून भाकरी थापताना जे पीठ उडत होते, ते पंखा आत ओढत होता आणि फोडणीची वाफ त्याचा लेप करत होती. खानदेशातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत हेच होत असणार, असे मला वाटते.

त्यांनी जुन्या टूथब्रशने आणि ब्लोअरने आतला भाग स्वच्छ केला, आयजीबीटीखालचा, त्याची उष्णता पात्यांकडे नेणारा पांढरा लेप सुकला होता तो पुसून नवा लावला आणि घरघरणारा पंखा बदलला. पंखा १८० रुपयांचा, मजुरी २००. बोर्ड बदलावा लागलाच नाही. घरी आल्यावर पुन्हा तीन लिटर पाणी ठेवले. चाळीस मिनिटांनंतर शेगडी मीच बंद केली.

दुकानातून निघताना त्या भाऊंनी आमची एक सवयही विचारली होती. काम झाले की आम्ही लगेच भिंतीवरचे बटण बंद करत होतो. त्यामुळे नंतर काही वेळ फिरत राहणारा पंखा तिथेच थांबायचा आणि आतली उष्णता आतच कोंडायची. आता शेगडीवरचे बटण दाबून पंखा आपोआप थांबेपर्यंत वाट पाहतो. त्यांनी प्लगही पाहिला. त्याची एक पिन काळवंडली होती. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला जवळपास पावणेनऊ अँपिअर, आणि आम्ही ती सहा अँपिअरच्या सॉकेटवर चालवत होतो. त्यासाठी १६ अँपिअरचे सॉकेट बसवून घेतले.

आता शेगडीविषयी. पाणी, दूध, डाळ-भात, कुकर यांसाठी ती उत्तम आहे. दोन लिटर पाणी सहा मिनिटांच्या आसपास उकळते. मंद आच मात्र खरी मंद नसते. खालच्या क्रमांकावर ती काही सेकंद जोराने चालते आणि थांबते, त्यामुळे शेवभाजीचा वाटलेला मसाला परतताना तळाला लागतो. भरीताचे वांगे आणि फुगवायची भाकरी यांना जाळच लागतो, आणि मांड्यांचे मातीचे खापर तिच्यावर तापतच नाही. त्यामुळे गॅस घरात हवाच.

पाच ताऱ्यांपैकी मी यंत्राला साडेतीन आणि कंपनीच्या सेवेला एक तारा देते. कंपनीने पाय बोटभर उंच केले आणि खालची हवा मोकळी ठेवण्याची सूचना पुस्तिकेत मराठीतून ठळक छापली, तर यंत्राला चार देईन. सध्या मी शेगडीच्या चारही पायांखाली सागवानाचे दोन-दोन इंचांचे ठोकळे ठेवले आहेत आणि भाकरीची परात ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नेली आहे.