मे महिन्यात आल्प्सचा ट्रेक विकणारा माणूस

स्वित्झर्लंडमध्ये रेल्वेने फिरत ट्रेक करायचा बेत असेल आणि कुणी एजंट तुम्हाला मे महिन्याच्या तारखा देत असेल, तर पुढचा हप्ता भरण्याआधी एवढं वाचून घ्या. अशाच एका एजंटने आम्हाला फसवलं. आमच्या पैशांतले थोडे हाती लागतील, बाकीचे गेल्यात जमा आहेत. पण हा माणूस काम कसं करतो ते लोकांना कळलेलं बरं, कारण दुकान अजून चालू आहे. नाव तेवढं बदललंय.

आम्ही ठाणे-डोंबिवलीकडची चार घरं, रविवार मिळाला की सह्याद्रीत पळणारी. जूनच्या मध्यावर मुलांच्या शाळा उघडतात, म्हणजे मोठी सहल मे महिन्यातच. ही गोष्ट त्याने पहिल्याच फोनवर काढून घेतली. इन्स्टाग्रामवरच्या एका रीलवरून आम्ही त्याच्यापर्यंत पोचलो होतो. अस्सल मराठी बोलणं, स्वतःला साताऱ्याचा म्हणवणारा, "इंटरलाकेनला हॉटेलात वर्षं काढलीत हो" असं मधूनच पेरणारा. मी 'दादा', माझी बायको 'वहिनी'. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोटेशन आलं : विमान सोडून माणशी १ लाख ९० हजार. त्यात स्विस ट्रॅव्हल पास (तिथल्या बहुतेक रेल्वेंना चालणारा एकच पास), हॉटेलं, ग्लेशियर एक्सप्रेस ही पर्यटक गाडी आणि झरमॅट गावाच्या वर एका माउंटन हटमध्ये, म्हणजे डोंगरातल्या ट्रेकर्सच्या निवाऱ्यात, मुक्काम. भाव काही फार पाडलेला नव्हता. फार स्वस्त दिला असता तर कुणीतरी नक्की बिचकलं असतं, आणि ते त्यालाही ठाऊक असणार. चाळीस टक्के आगाऊ घेतले.

आता मे महिन्याचं. आपल्याकडे मे म्हणजे रणरणता उन्हाळा, पण आल्प्समध्ये २००० मीटरच्या वर तेव्हा बर्फ असतो. त्याच्या ब्रोशरमध्ये ग्रिंडेलवाल्डच्या वरचं बाखआल्पझे तळं होतं, फुलांनी भरलेल्या कुरणासकट. ते तळं २२६५ मीटरवर आहे. झरमॅटची पाच तळ्यांची वाट तर २५०० मीटरच्या आसपास जाते. हे फोटो जुलै-ऑगस्टचे. मे महिन्यात स्कीचा हंगाम संपलेला आणि चालण्याचा सुरू न झालेला, त्यामुळे बरेच रोपवेसुद्धा देखभालीसाठी बंद असतात. दऱ्यांतल्या खालच्या वाटा चालता येतात, लाउटरब्रुनेनचे धबधबे तर बर्फ वितळताना जोरात असतात. म्हणजे मे महिन्यात जाऊच नये असं नाही. पण त्याने विकलं होतं ते जुलैचं चित्र, मेच्या तारखेला.

रेल्वेच्या नावाखाली त्याने जे उकळलं त्याची तर गंमतच वाटते. बिलात 'सीट रिझर्वेशन' म्हणून माणशी साडेनऊ हजार. कशाचं, तर झुरिक ते इंटरलाकेन, इंटरलाकेन ते लाउटरब्रुनेन, सगळ्याचं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "दादा, तिकडे गाडीत उभं राहू देत नाहीत, दंड होतो." साफ खोटं. स्वित्झर्लंडमधल्या साध्या गाड्यांना रिझर्वेशन लागत नाही. पास किंवा तिकीट असलं की चढायचं, रिकामी जागा दिसली की बसायचं. रिझर्वेशन सक्तीचं आहे ते ग्लेशियर एक्सप्रेस, बर्निना एक्सप्रेस अशा मोजक्या गाड्यांना. आणि बर्निनाच्या त्याच रुळांवरून साधी लोकल गाडीही धावते. तोच घाट, खिडकीतून त्याच हिमनद्या, रिझर्वेशनचा एक पैसा नाही, शिवाय खिडकी उघडून फोटो काढता येतात.

कोटेशनमध्ये आणखी दोन ओळी होत्या, ज्या स्विस नकाशा उघडून बसणाऱ्याला लगेच खटकतील. एक : 'युंगफ्राउयोख (डोंगरावरचं उंच रेल्वे स्टेशन) पासमध्ये समाविष्ट'. नाही. स्विस ट्रॅव्हल पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत चालतो, तिथून वर ३४५४ मीटरच्या स्टेशनापर्यंत फक्त २५ टक्के सवलत मिळते आणि उरलेली रक्कम चांगलीच दणकट असते. दुसरी : 'इंटरलाकेनहून झरमॅटच्या हॉटेलच्या दारात मर्सिडीज व्हॅन'. झरमॅटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांना बंदी आहे. बाहेरून येणारी गाडी खाली टेश गावात सोडायची आणि पुढचे पाच किलोमीटर शटल ट्रेनने जायचं. खरं तर इंटरलाकेनहून श्पीत्स आणि फिस्पला गाडी बदलत रेल्वेनेच आरामात जाता येतं, तेही त्याच पासावर.

आता हॉटेलांची युक्ती, जी मला सगळ्यांत हुशार वाटते. आम्ही अगदीच डोळे झाकून बसलो नव्हतो. त्याने वेंगेनच्या हॉटेलची व्हाउचरं पाठवली तेव्हा आमच्यातल्या एकीने थेट हॉटेलात फोन लावला. रिसेप्शनवरच्या बाईने बुकिंग नंबर तपासला, नावं बरोबर, तारखा बरोबर. आम्ही निर्धास्त. फेब्रुवारीत संशय आल्यावर पुन्हा फोन केला तेव्हा तीच बुकिंगं रद्द झालेली होती, आमच्या पहिल्या फोननंतर चारच दिवसांनी. म्हणजे 'फ्री कॅन्सलेशन'वाली खोली बुक करायची, कन्फर्मेशनची पीडीएफ गिऱ्हाइकाला द्यायची, त्याने एकदा खात्री करून घेतली की बुकिंग रद्द करायचं. पीडीएफ खरीच असते, नंबरही खरा असतो. त्यामुळे एकदा फोन केला म्हणजे झालं, असं धरू नका. बुकिंग तुमच्या ईमेलवर, तुमच्या लॉगिनने झालेलं नसेल तर ते तुमचं नाही. आणि हीच व्हाउचरं स्वित्झर्लंडसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या फाइलला लागली असती तर? खोटी कागदपत्रं हे व्हिसा नाकारण्याचं सरळ कारण आहे आणि तो नकार पुढची काही वर्षं नव्या अर्जाच्या वेळी नोंदीत दिसतो. आमची फाइल तेव्हा जायची होती, एवढंच नशीब.

भांडं फुटलं ते मात्र हटमुळे. आमच्यात एक जण शाकाहारी, तेही कांदा-लसूण न खाणारा. हटमध्ये रात्रीचं जेवण सगळ्यांना एकच असतं, म्हणून आमच्या त्या मित्राने आधीच कळवावं या हिशेबाने थेट हटला ईमेल केला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, दोन ओळींचं : हट जूनच्या शेवटी उघडते, मे महिन्यात इथे स्वयंपाकी नसतो आणि तुमच्या नावाने कोणतीही नोंद नाही. स्विस अल्पाइन क्लबच्या वेबसाइटवर त्यांच्या हटमध्ये राखणदार कधी असतो ते दिवस दिलेले असतात. बघायला दोन मिनिटं लागतात.

मग आम्ही एकेक कागद उलटून पाहायला लागलो. बिलात ५ टक्के टीसीएस (विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून गोळा करायचा आयकर) लावला होता. परदेश सहलीच्या पॅकेजवरचा हा कर एजंटने तुमच्या पॅनवर भरायचा असतो आणि तो तुमच्या नावे जमा झालेल्या कराच्या तक्त्यात (आमच्या वेळी फॉर्म २६एएस) दिसतो. डिसेंबरच्या तिमाहीतली रक्कम फेब्रुवारी उजाडला तरी चौघांपैकी एकाच्याही खात्यात नव्हती. जीएसटी नंबर २७ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा, वरकरणी ठीक. पण जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर निघाला एका कापड व्यापाऱ्याचा. त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नसेल. ट्रॅव्हल पासच्या पीडीएफ तर बघण्यासारख्या होत्या. पास माणसागणिक वेगळा असतो, त्यावर नाव आणि जन्मतारीख असते, तपासनीस पासपोर्टही मागू शकतो. आमच्या पीडीएफवर नावं वेगवेगळी, पण माझ्या मुलीने चारही क्यूआर कोड शेजारीशेजारी लावले तर ठिपकान् ठिपका सारखा. नावांचा फाँटही बाकीच्या मजकुराहून किंचित जाड.

फोन केला तेव्हा तो आधी हसला, मग "सिस्टिम अपडेट होतेय दादा", मग वहिनींशी बोलतो म्हणाला, मग नंबर बंद.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सायबर क्राइमच्या पोर्टलवरही. नोव्हेंबरमधले पैसे तेव्हापर्यंत कुठल्या कुठे गेले होते. पण एका घराने दुसरा हप्ता दोनच दिवसांपूर्वी पाठवला होता, त्यातली साधारण निम्मी रक्कम पुढच्या खात्यात गोठवता आली. ती अजून हातात आलेली नाही, आमच्या बाबतीत त्यासाठी कोर्टाचा आदेश लागतोय आणि त्याचा पाठपुरावा आमचा आम्हीच करतोय. सगळे पैसे गेले होते ते एका बाईच्या बचत खात्यात, कंपनीच्या चालू खात्यात नव्हेत. क्रेडिट कार्ड त्याने 'तीन टक्के जादा पडतील' म्हणून टाळायला लावलं होतं. कार्डाने भरले असते तर निदान चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागता आला असता.

तुम्हीही अशाच कुणाला पैसे दिले असतील तर त्याला जाब विचारायला आधी फोन करू नका, तो सावध होऊन उरलेले पैसे हलवतो. आधी १९३०, मग तुमची बँक. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा संदर्भ क्रमांक), ज्या खात्यात पाठवले त्याचा तपशील आणि व्हॉट्सअॅप चॅटची एक्सपोर्ट केलेली प्रत हाताशी ठेवा. पोलीस ठाण्यात सगळ्यात आधी हेच मागतात.