ओरिजिन्समधला सेप्टिमियस: काही महिने खेळून झाल्यावर लिहितोय

अ‍ॅसॅसिन्स क्रीड ओरिजिन्स म्हणजे 2017 चा गेम, त्यामुळे ग्राफिक्स कसे आहेत, इजिप्त केवढं मोठंय, सेनू गरुडी किती भारी, हे सगळं लोकांचं लिहून झालंय. मी सेलमध्ये घेतला, पीएस5 वर, आणि रोज रात्री जेवणं उरकली की थोडा थोडा करत मेन स्टोरी, दोन्ही डीएलसी (नंतर वेगळे विकलेले जादा भाग), साइड क्वेस्टसुद्धा जवळपास सगळ्या संपवल्या. 2022 च्या पॅचनंतर 60 एफपीएसवर (सेकंदाला 60 फ्रेम्स) एकदम स्मूद चालतो, टेक्निकल बाजूने विषय संपला. मला लिहायचंय ते गेममधल्या व्हिलनपैकी एक, लुसियस सेप्टिमियसबद्दल. टोपणनाव कोल्हा. खाली स्पॉयलर भरपूर आहेत, खेळायचा असेल तर इथेच थांबा.

सेटअप असा की इ.स.पू. 49, इजिप्तमधल्या सिवा गावाचा मेजाय (रखवालदार) बायेक हा आपला हिरो, त्याच्या पोराला मुखवटेवाल्यांनी मारलं, तेही झटापटीत बायेकच्याच हातातल्या चाकूने. हे मुखवटेवाले म्हणजे एक गुप्त संघटना, ऑर्डर, आणि आत प्रत्येकाला जनावराचं किंवा पक्ष्याचं नाव, बगळा, मगर, कोल्हा, सिंह वगैरे, मग बायेक आणि त्याची बायको आया एकेकाला हुडकून संपवत सुटतात. बरेचसे जण येतात, डायलॉग मारतात, मरतात, नावंही लक्षात राहत नाहीत. फायूममधली मगर तेवढी जमलीय, ती शाद्या नावाच्या छोट्या मुलीची क्वेस्ट झाल्यावर मी कन्सोल बंद करून सरळ झोपायला गेलो, पुढे खेळायची इच्छाच होईना.

सेप्टिमियसचं वेगळंपण हे की तो खरा माणूस आहे. गेममध्ये तो उर्मट, अंगावर येणारा रोमन सोल्जर आहे, पण रोममध्ये नाही तर इजिप्तच्या राजाच्या नोकरीत. मला आधी वाटलं लेखकांनी सोयीसाठी रोमन माणूस तिथे घुसवला असेल, पण नाही, हे सगळं खरंय. इ.स.पू. 55 मध्ये गाबिनियस नावाच्या रोमन गव्हर्नरने इजिप्तचा राजा बारावा टॉलेमी याला परत गादीवर बसवलं आणि त्याच्या संरक्षणासाठी फौज मागे ठेवली, तेच हे गाबिनियानी. ते तिथेच रमले, तिथल्याच बायकांशी लग्नं केली, पोरंबाळं झाली, आणि सीझर स्वतः लिहून ठेवतो की हे लोक रोमची शिस्त विसरून गेलेत. सेप्टिमियस त्यांच्यातलाच.

आता त्याने काय केलं बघा. इ.स.पू. 48, सीझरकडून हरलेला रोमन सेनापती पॉम्पी इजिप्तच्या किनाऱ्याला आसरा मागायला येतो. त्याला आणायला राजाची माणसं एक साधी होडी पाठवतात, तिच्यात अकिलास नावाचा सेनापती आणि हा सेप्टिमियस, जो चाच्यांविरुद्धच्या मोहिमेत पॉम्पीच्याच हाताखाली होता. प्लूटार्क हा जुना ग्रीक चरित्रकार सांगतो की होडीत कुणी चकार शब्द बोलेना तेव्हा पॉम्पीनेच त्याच्याकडे बघून विचारलं की आपण एकत्र लढलोय ना रे. त्याने नुसती मान हलवली. मग पॉम्पी राजासमोर बोलायचं ग्रीक भाषण वाचत बसला, किनारा आल्यावर नोकराचा हात धरून उठायला गेला आणि याने मागून तलवार खुपसली. बायको गलबतावरून बघतेय. पॉम्पीने टोगा (रोमन अंगवस्त्र) तोंडावर ओढून घेतला आणि एक शब्द न बोलता पडला.

ती हलवलेली मान डोक्यातून जात नाही यार. आणि माझी गेमबद्दलची खरी तक्रार इथेच आहे. एवढं तयार मटेरियल हाताशी असताना गेम त्या होडीत आपल्याला बसवतच नाही. त्याऐवजी सेप्टिमियसला ऑर्डरचं मोठं मिशन, प्राचीन शक्तीच्या वस्तू वगैरे देऊन टाकलंय, आणि त्यामुळे तो उलटा लहान होतो, कारण गुप्त संघटनेसाठी मारणारा व्हिलन आपण शंभर पाहिलेत. जुन्या साहेबाला ओळख देऊन, पगार देणाऱ्याच्या सांगण्यावरून पाठीत वार करणारा माणूस जास्त भयानक वाटतो.

पण एक गोष्ट लेखकांनी हुशारीने केलीय, ते मान्य. प्लूटार्क शेवटी सगळ्यांचा हिशेब देतो, अकिलास आणि राजाचा दरबारी पोथिनस यांना सीझरने मारलं, पॉम्पीला मारायचा सल्ला देणारा थिओडोटस आशियात ब्रूटसच्या (सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक) हाती लागला. सेप्टिमियसचं नाव त्या यादीत नाहीच. गेमने बरोबर ती रिकामी जागा पकडलीय. नाईलच्या लढाईत बायेक त्याला लोळवतो आणि आता संपवणार तेवढ्यात सीझर थांबवतो, हा मला कामाचा आहे म्हणून. तेव्हा मी खरंच शिवी घातली. खऱ्या सीझरने पॉम्पीचं मुंडकं बघून तोंड फिरवलं होतं, इथला सीझर मारेकऱ्यालाच पदरी ठेवतो, आणि तिथून पुढे क्लिओपात्रा, सीझर सगळ्यांवरचा आपला विश्वास उडत जातो. पूर्ण स्टोरीचा टर्निंग पॉइंट तो आहे.

शेवट रोममध्ये, आयाच्या हातून, सीझरच्या खुनाच्या अगदी आधी, आणि तोही पॉम्पीच्या थिएटरपाशी. सीझर खरोखर त्याच परिसरात पॉम्पीच्या पुतळ्याखाली पडला होता, त्यामुळे पॉम्पीच्या मारेकऱ्याचा हिशेब तिथेच होणं एकदम फिट बसतं. फाइट मात्र वैताग आणते. बायेकसाठी महिनोनमहिने कातडी आणि लोखंड गोळा करून गियर वाढवायचा, आणि ऐन मोक्याला आयाचे ठरलेले वेपन्स हातात. डॉज लवकर नका करू, त्याला हात उचलू द्या आणि मग बाजूला व्हा, नाहीतर सारखे मरत राहाल.

फ्लेवियस, म्हणजे सिंह, कागदावर मोठा व्हिलन, पण तो बनवलेला माणूस आणि ते जाणवतं. सफरचंद (त्या प्राचीन शक्तीच्या वस्तूंपैकी एक) घेऊन जादू करत फिरतो. बायेकच्या पोराचा खरा गुन्हेगार म्हणून त्याला मारताना समाधान मिळतं, बाकी काही नाही.

रोमन व्हिलनसाठीच घेणार असाल तर हिडन वन्स डीएलसीही घ्या, त्यात सिनायमधला रुफिओ आहे. सीझरने अलेक्झांड्रियात मागे ठेवलेल्या लीजन्स (रोमन फौजेच्या तुकड्या) ज्याच्या ताब्यात दिल्या तोच हा. डीएलसी छोटा आहे, दोन-तीन रात्रीत संपतो. लेव्हल आधी वाढवून जा.